मेलेल्यांची मोजदाद: 'शिकारीने जंगले वाचवली' या दाव्याची झाडाझडती

१/
राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत दगडात कोरलेली एक यादी आजही पाहायला मिळते. शिकारीची तारीख, दरबारचे पाहुणे, बंदुकांची संख्या आणि दिवसभरात पाडलेल्या पक्ष्यांचा आकडा, असे तिचे रकाने आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या तारखेचा आकडा आहे ४,२७३. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो.

२/
तीच पाणथळ आज राष्ट्रीय उद्यान आणि जागतिक वारसास्थळ आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक विधान आपोआप तयार होते, आणि संस्थानी काळातील प्रत्येक कृष्णधवल छायाचित्राखाली ते हटकून वाचायला मिळते: राजेमहाराजे शिकार करीत म्हणून जंगले राहिली, नियमबद्ध शिकार हेच खरे संवर्धन, बंदी घालून सरकारने सगळे बिघडवले.

३/
हे विधान निम्मे खरे आहे, म्हणून ते निखालस असत्याहून अधिक त्रासदायक ठरते. त्याला उत्तर देणारेही तयारच असतात. शिकार म्हणजे संहार, त्यावर चर्चाच नको, असा त्यांचा पवित्रा असतो. दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात आणि दप्तर मात्र कोणीच उघडत नाही. या धाग्यात ते उघडले आहे.

४/
नियमांची परंपरा या भूमीला नवी नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण आणि सहा महिन्यांच्या आतली त्यांची पिल्लेही मारू नयेत, असे तो सांगतो. कौटिलीय अर्थशास्त्रात अभयवन आहे, तेथील प्राणी मारणाऱ्यास दंड आहे आणि त्यावर देखरेख करणारा सूनाध्यक्ष नावाचा अधिकारीही आहे. नियम लिहिले गेले होते, एवढे यावरून सिद्ध होते. ते पाळले गेले का, हे दुसऱ्या कागदांवरून पाहावे लागते.

५/
असा एक कागद जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेब त्याने दरबारी लेखनिकांकडून मागवला. त्याच्या उपस्थितीत मारले गेलेले एकूण जीव २८,५३२. त्यांपैकी १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातचे. त्यात वाघ-सिंह आहेत, नीलगायी आहेत, आणि कबुतरे व कावळेही आहेत. कोणत्याही फडणिसाने मान डोलवावी इतका हा हिशेब चोख आहे. फक्त रानात मागे किती उरले, हा रकाना त्यात कोठेच नाही.

६/
भरतपूरच्या दगडावरही तो रकाना नाही. संपूर्ण वादाची किल्ली याच रिकाम्या जागेत आहे. शिकार 'नियंत्रित' आहे असे म्हणण्यासाठी जिवंतांची संख्या ठाऊक असावी लागते, कारण किती मारावे हे त्याखेरीज ठरवताच येत नाही. ज्याने केवळ मेलेल्यांचा आकडा ठेवला त्याने पराक्रमाची वही ठेवली. तिला संवर्धनाची वही म्हणणे ही शुद्ध कल्पनाशक्ती होय.

७/
इंग्रजी अमलात वहीचे मालक बदलले, रकाने तेच राहिले. वाघ, बिबट्या, लांडगा ही सरकारच्या लेखी उपद्रवी श्वापदे होती आणि त्यांना मारणाऱ्यास खजिन्यातून बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या नोंदींवरून मांडलेला अंदाज असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाखांच्या घरात लांडगे मारले गेले.

८/
१९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा आला. विणीच्या काळात शिकारीस मनाई करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. त्याची अनुसूची वाचण्याजोगी आहे. हरणे, काळविटांसारखी कुरंगकुळे, गवे, रानम्हशी, गेंडे, रानमेंढ्या, ससे ही नावे तीत आहेत. वाघ, बिबट्या आणि चित्ता यांना तीत जागा नाही. शिकाऱ्याला जे जनावर पुढच्या हंगामातही हवे होते ते राखायचे, आणि जे त्याच्याच शिकारीत वाटेकरी होते ते निकालात काढायचे, असा तो व्यवहार होता.

९/
शिकाऱ्यांचा स्वतःचा एक आचारधर्म होता, हेही नोंदवले पाहिजे. मादी व पिल्लू मारू नये, पाणवठ्यावर दबा धरू नये, जखमी जनावर तसेच सोडून परत फिरू नये. हा धर्म मनापासून पाळणारे लोक होते. त्यांच्यातूनच जिम कॉर्बेट आले. बंदूक बाजूला ठेवून रात्री वाघांची छायाचित्रे टिपणारे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन आले. १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान उभे राहिले ते अशाच लोकांच्या आग्रहाने. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

१०/
परंतु सज्जन शिकारी असणे आणि शिकारीची व्यवस्था सज्जन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार आटोपून पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेले. दहा-अकरा दिवसांत ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वले पडली. पाहुणा सम्राट असताना 'आता पुरे' हे कोणी म्हणायचे? नियम होते ते खालच्यांसाठी. वरच्यांसाठी आतिथ्य होते.

११/
आता संस्थानिकांकडे. सरगुजाचे महाराज रामानुज शरणसिंह देव यांच्या नावावर एक हजाराहून अधिक वाघ आहेत. शेजारच्या कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रतापसिंह देव यांनी १९४७ साली एका रात्री तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते. भारतातील चित्त्याच्या शेवटच्या खात्रीलायक नोंदींपैकी ही एक. १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

१२/
येथे तर्क थोडा ताणून पाहावा. राजाने शिकारीसाठी जंगल राखले की प्राणी वाचतात, हा जर नियम असेल तर सरगुजा आणि कोरिया येथे वन्यजीवांची रेलचेल असायला हवी होती. राखीव जंगले तिथेही होती, शिकारीचे वेडही होते. दाव्याचे समर्थक रणथंबोर, बांधवगड, भरतपूर ही नावे घेतात, कारण ती आज नकाशावर आहेत. जी शिकारीची राने ओसाड झाली त्यांची नावे घ्यायला कोणी उरलेले नाही. वाचलेल्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावले की निकाल ठरलेलाच असतो.

१३/
चित्त्याची कथा महाराष्ट्राच्याही अंगणातून जाते. कोल्हापूर दरबारात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा होती आणि तेथील चित्तेवान त्या विद्येत निष्णात होते. बंदिवासात चित्ता सहसा वीत नाही. म्हणून मुघलांपासून प्रत्येक दरबाराला रानातून नवे चित्ते धरून आणावे लागत. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. खेळ थांबला नाही, फक्त खेळणे परदेशी झाले.

१४/
मग शिकारीच्या रानांपैकी काही वाचली ती का? उत्तर साधे आहे. तिथे कुऱ्हाड आणि नांगर चालू दिला गेला नाही. कोल्हापूरकरांचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि आज राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. तिथला गवा टिकला तो रान टिकल्यामुळे. बंदिस्त भूमीचे पुण्य बंदुकीच्या खात्यावर जमा करण्याची हातचलाखी हाच या दाव्याचा गाभा आहे.

१५/
आणि ती भूमी बंदिस्त ठेवण्याची किंमत कोणी मोजली? अलवर संस्थानात राजाच्या शिकारीसाठी रानडुकरे राखलेली होती. त्यांनी पिके फस्त केली तरी शेतकऱ्याने त्यांना मारायचे नाही, असा दंडक होता. १९२१ च्या सुमारास तेथील शेतकरी याच प्रश्नावर उठले आणि अखेर दरबाराला डुकरे मारण्याची मोकळीक द्यावी लागली. सरिस्काचे प्रसिद्ध जंगल याच अलवर संस्थानातले. 'राजाने राखलेले रान' हा शब्दप्रयोग वापरताना त्या उद्ध्वस्त शेतांचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

१६/
समर्थकांचा सर्वांत भक्कम पुरावा जुनागढचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आशियाई सिंह आज जिवंत आहे तो जुनागढच्या नवाबांमुळे, हे निर्विवाद. पण त्यांनी केले काय? सिंह मारण्यावर निर्बंध घातले. बड्या पाहुण्यांना नकार देणे सोपे जावे म्हणून गीरमधील सिंहांचा आकडा मुद्दाम अगदी कमी सांगितला गेला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी जुनागढला येऊनही सिंहाच्या शिकारीचा बेत सोडून दिला.

१७/
पुढे १९३६ साली याच संस्थानाने सिंहांची गणना करविली. म्हणजे आपल्याकडच्या शिकारयुगातील सर्वांत यशस्वी उदाहरणात दोन गोष्टी घडल्या: जिवंत जनावरे मोजली गेली, आणि शक्तिशाली माणसाला 'नाही' म्हटले गेले. सिंह शिकारीने वाचला असे म्हणणाऱ्यांनी जुनागढचे दप्तर पुन्हा एकदा वाचावे. तो शिकार नाकारल्यामुळे वाचला.

१८/
आता अशा शिकाऱ्यांकडे वळू ज्यांचे एकही छायाचित्र राजवाड्याच्या भिंतीवर नाही. फासेपारधी.

१९/
माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. त्यांना आढळले की एकाच टापूत फिरणाऱ्या जमातींनी सावज जणू वाटून घेतले होते. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान प्राणी सापळ्यात धरत. फासेपारधी हरणे आणि पक्षी फाशात पकडत.

२०/
अकोला जिल्ह्यातील फासेपारध्यांविषयीची नोंद विशेष मोलाची आहे. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे, असा त्यांचा स्वतःवर घातलेला निर्बंध होता. हे सोडणे दिसते तितके सोपे नाही. बंदुकीची गोळी सुटली की परत येत नाही. फाशातले जनावर मात्र जिवंत हातात असते आणि घरी पोरे उपाशी असतात. साहेबाच्या क्लबात जे सभ्यतेचे लक्षण म्हणून मिरवले जाई, तेच ही माणसे पोटाला चिमटा काढून पाळत होती.

२१/
कायद्याने या दोघांना काय दिले? बंदूकवाल्याला परवाना, राखीव गट, वनखात्याचा विश्रामबंगला. पारध्याला गुन्हेगार जमातींचा कायदा. १८७१ पासून अमलात आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या त्या कायद्याने माणसे जन्माने गुन्हेगार ठरवली. १९५२ साली तो रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतून पुसला गेला नाही. एकच काळवीट बंदुकीने मेले तर ती शिकार ठरे आणि फाशात मेले तर चोरटी शिकार. हा फरक नीतीचा नव्हता, दर्जाचा होता.

२२/
पारध्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. दरबारांसाठी चित्ते पकडून देणाऱ्यांत तेही होते, आणि पुढे कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी त्यांचे कौशल्य स्वस्तात विकत घेतले, हेही खरे आहे. पण नैतिक शिकारीचा देशी नमुना शोधायचाच असेल तर तो हौद्यात बसलेल्या माणसापाशी आधी शोधू नये, इतकेच.

२३/
स्वातंत्र्यानंतरची दोन दशके या वादात सोयीस्करपणे वगळली जातात. खरे तर परवान्याच्या शिकारीची परीक्षा झाली ती तेव्हाच. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. जंगलांचे शिकारीसाठी गट पाडलेले होते, परवाने होते, शुल्क होते. कागदावर पाहिले तर नियंत्रित शिकारीसाठी लागणारे सारे काही जागेवर होते.

२४/
प्रत्यक्षात युद्धानंतर जीप आली, झोताचे दिवे आले. अधिक धान्य पिकवण्याच्या मोहिमेत पीक संरक्षणासाठी बंदुका वाटल्या गेल्या. परदेशी हौशी लोकांना डॉलरच्या मोबदल्यात वाघ मिळवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. परवाने देणाऱ्या खात्याला गटात वाघ किती आहेत हे ठाऊक नव्हते. शुल्क सरकारी तिजोरीत जाई आणि गटालगतच्या गावाला हाक्याच्या मजुरीपलीकडे काही मिळत नसे. गावाच्या दृष्टीने जिवंत वाघाची किंमत शून्य होती, मेलेल्या गुराची मात्र खरी होती.

२५/
१९६९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाचे अधिवेशन दिल्लीत भरले आणि वाघांच्या हत्येवर बंदीची मागणी तिथे झाली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीला देशभर मनाई झाली. १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ आढळले. ती गणना पाऊलखुणांवरची होती आणि तिच्या अचूकतेवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. तरीही वाघ देशभर मोजण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता. तो झाला, तोवर परवान्यांचा धंदा संपला होता.

२६/
इतिहासप्रेमींना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकार बंद केली असे मानले जाते. मूळ कायदा वाचला तर चित्र वेगळे दिसते. अनुसूची एक मधील प्राण्यांना पूर्ण संरक्षण होते. पण पुढच्या अनुसूचींना विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार अशीच नावे होती आणि त्यांसाठी परवाने देण्याची तरतूद होती. रात्री, वाहनातून, दिव्याच्या झोतात किंवा पाणवठ्यावर शिकार करू नये, हा शिकाऱ्यांचा जुना आचारधर्मही त्यात कलमबद्ध झाला होता. ही परवान्यांची व्यवस्था कायद्यातून गेली ती १९९१ च्या दुरुस्तीने. नियंत्रित शिकारीला या देशात संधीच मिळाली नाही, ही तक्रार म्हणूनच टिकत नाही.

२७/
येथवर वाचून दुसरा पक्ष सुखावला असेल, तर त्याच्यासाठीही काही पाने आहेत.

२८/
अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी होणाऱ्या शिकारीने हाहाकार माजवला. आकाश झाकोळून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्या बाजारू शिकारीविरुद्ध उभे राहिले ते शिकारीच. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच क्लब होता. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर घाव घातला.

२९/
खरी मेख १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यात आहे. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला आणि राज्यांना वाटला गेला. अट एकच होती: शिकारीच्या परवान्याचे पैसे जे राज्य अन्यत्र वळवील त्याला या निधीतून काही मिळणार नाही. रस्त्याला नाही, पुलाला नाही, मंत्र्यांच्या बंगल्याला नाही. त्याच पैशातून गणना झाल्या, अभ्यास झाले, जमिनी विकत घेतल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी काही लाखांवर घसरलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज कोट्यवधी आहेत.

३०/
त्याच देशात त्याच काळात लांडग्यांना मात्र वेचून मारले गेले. यलोस्टोनमधील शेवटचे लांडगे १९२६ च्या सुमारास संपवले गेले आणि १९९५ मध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडावे लागले. शिकाऱ्याला जे सावज हवे असते त्याचेच तो रक्षण करतो. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे रक्षण त्याच्यावर सोपवता येत नाही. १९१२ च्या आपल्या अनुसूचीने हेच सांगितले होते.

३१/
याहून जवळचे उदाहरण बलुचिस्तानचे. तोरघर ही तेथील कोरडी, उजाड डोंगररांग. तिथे मारखोर हा पीळदार शिंगांचा रानबोकड राहतो. अफगाण युद्धाच्या काळात परिसरात बंदुकांचा सुकाळ झाला आणि १९८० च्या दशकात मारखोर शंभराच्या आत उरले असावेत, असा अंदाज होता. तेव्हा स्थानिक जमातीच्या पुढाऱ्यांनी एक सौदा केला. जमातीतील सर्वांनी शिकार थांबवायची. वर्षाला मोजकेच वयस्क नर परदेशी शिकाऱ्यांना मोठ्या रकमेवर मारू द्यायचे. आणि त्या रकमेतून गावातल्याच माणसांना रखवालदार म्हणून पगार द्यायचा.

३२/
१९९४ च्या पाहणीत तिथल्या मारखोरांचा अंदाज ७०० च्या आसपास आला, तर २००५ मध्ये अडीच हजारांच्या. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने संपूर्ण पाकिस्तानला वर्षाला बाराच मारखोरांची मुभा दिली आहे. पाकिस्तानातील अशा सामुदायिक योजनांत परवान्याच्या रकमेचा ८० टक्के वाटा स्थानिक समाजाला मिळतो. २०१५ साली मारखोर 'संकटग्रस्त' यादीतून वर सरकला. कोणाला हे रुचो न रुचो, येथे बंदुकीने प्राणी वाचवला.

३३/
बंदी हा जादूचा मंत्र नव्हे, याचे उदाहरण केनिया. तिथे १९७७ पासून शिकारीला बंदी आहे. तरीही १९७७ ते २०१६ या काळात तेथील कुरणांवरचे वन्यप्राणी सुमारे दोन तृतीयांशाने घटले. कुंपणे, वाढती गुरे, चोरटी शिकार अशी अनेक कारणे त्यामागे आहेत आणि दोष एकट्या बंदीवर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण बंदी असूनही घट झाली, हे नाकारता येत नाही.

३४/
केनिया दूर वाटत असेल तर पुन्हा अलवरच्या सरिस्काकडे यावे. व्याघ्रप्रकल्प, संपूर्ण बंदी, पगारी रक्षक, सगळे तिथे होते. सरकारी गणनेत वाघही होते. २००५ मध्ये उघडकीस आले की जंगलात एकही वाघ उरलेला नाही. राजाच्या काळी मेलेले मोजले जात आणि जिवंत मोजले जात नसत. सरिस्कात जे मेले होते ते जिवंत म्हणून मोजले गेले. आधीच्या वहीपेक्षा ही वही अधिक खोटी होती.

३५/
भरतपूरचीही एक पुढची पायरी आहे. १९८२ मध्ये उद्यानात गुरे चारण्यास मनाई झाली, गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की चराई थांबल्याने पाणगवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांची जागा उलट आक्रसली. एकेकाळी ज्या पाण्यावर पक्ष्यांसाठी बंदुका चालल्या, तिथेच गुराख्यांवर बंदुका चालल्या. दगडी यादीत त्या तारखेसाठी जागा नाही.

३६/
हा सगळा जुना हिशेब आज काढण्याचे कारण म्हणजे शिकारीचा प्रश्न मागच्या दाराने परत आला आहे. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात रानडुकरे आणि रोही उभी पिके लोळवतात. शेतकरी मारण्याची परवानगी मागतो, आणि त्याच वेळी कोणीतरी संस्थानी छायाचित्र टाकून म्हणतो, बघा, पूर्वी शिकार होती तेव्हा हा त्रास नव्हता. अलवरच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली याच त्रासावर आंदोलन केले होते, आणि ते शिकारीच्या सुवर्णकाळात, हे त्या छायाचित्रवाल्याला ठाऊक नसते.

३७/
शेतकऱ्याची मागणी छायाचित्रवाल्याच्या स्मरणरंजनाशी जोडणे हा शेतकऱ्यावरच अन्याय आहे. त्याला ट्रॉफी नको आहे. त्याला सोयाबीन हवे आहे. त्याच्याशी गंभीरपणे बोलायचे तर तोरघरची भाषा बोलावी लागेल: तालुक्यात डुकरे किती, किती कमी झाली तर पीक वाचेल, वाघाच्या वाट्याचे सावज किती सोडायचे, आणि मारलेल्या जनावराचा मोबदला कोणाच्या हातात पडणार.

३८/
या प्रश्नांची उत्तरे सध्याच्या कायद्यात शोधली तर असे सापडते. कलम ११ नुसार पिकाला किंवा मालमत्तेला धोका निर्माण करणाऱ्या, अनुसूची एकबाहेरच्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी सक्षम वनाधिकारी देऊ शकतो. आणि कलम ३९ नुसार अशा रीतीने मारलेले जनावर राज्य सरकारच्या मालकीचे होते. नुकसान शेतकऱ्याचे, जोखीम शेतकऱ्याची, जनावर सरकारचे. सरगुजा-कोरियाच्या काळी ते राजाचे होते.

३९/
अर्ज, पाहणी, पंचनामा यांची वाट पाहून थकलेला माणूस मग कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर लागते, रोही लागते, आणि विदर्भात अनेकदा वाघही लागला आहे. वाघ मेला की बातमी होते, चौकशी बसते, आकडा वाढतो. डुक्कर उजाडण्यापूर्वी बांधालगत पुरले जाते आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.